वाचकांचे प्रश्न : बेब रूथची कबर आणि तिच्यावर कोरलेला मुलगा

गोव्यातल्या बऱ्याच घरांची एक पिढी आता न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे स्थिरावली आहे. त्यांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांची आणि इथे बसून अमेरिकन खेळ पाहणाऱ्या मुलांची पत्रे आमच्याकडे नेहमी येतात. या खेपेस त्यांतली पुष्कळशी बेब रूथ या बेसबॉलपटूविषयी, त्यातही त्याच्या कबरीविषयी होती. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. जावयांनी बेब रूथच्या कबरीचा फोटो पाठवला. एवढा नावाजलेला खेळाडू, पण दगडावर तो स्वतः कुठेच नाही. येशू आणि त्याच्याजवळ एक लहान मुलगा, एवढेच कोरलेले आहे. असे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हॉथॉर्न नावाचे गाव आहे. तिथल्या 'गेट ऑफ हेवन' या कॅथलिक दफनभूमीत रूथ आणि त्याची दुसरी पत्नी क्लेअर शेजारी शेजारी विसावले आहेत. तो १९४८ साली गेला, ती १९७६ साली. दगडावर न्यूयॉर्कचे तेव्हाचे कार्डिनल फ्रान्सिस स्पेलमन यांचे एक वाक्य आहे. ज्या ईश्वरी प्रेरणेने बेब रूथला आयुष्याचा निर्णायक सामना जिंकून दिला, ती अमेरिकेच्या तरुणांनाही लाभो, असा त्याचा आशय. म्हणजे चित्र आणि वाक्य दोन्ही मुलांकडेच बोट दाखवतात. आमच्या मते या माणसाची याहून नेमकी ओळख दगडावर करून देता आली नसती.

रूथचा जन्म बाल्टिमोर शहरातल्या एका गरीब, कष्टकरी वस्तीत ६ फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. पूर्ण नाव जॉर्ज हर्मन रूथ. वडिलांचा बार होता. आठ भावंडांपैकी तो आणि बहीण मेमी, अशी दोनच जगली. पोर रस्त्यावर वाढू लागले, आवरेना, तेव्हा १३ जून १९०२ रोजी सातव्या वर्षी त्याला 'सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल फॉर बॉईज' या संस्थेत टाकण्यात आले. अनाथ आणि घरच्यांना न जुमानणारी अशी शेकडो मुले तिथे एकत्र राहत. अधूनमधून तो घरी परतला, पण पुन्हा तिथेच आला, आणि १९१४ पर्यंत तेच त्याचे घर होते. मुलांना हातचा धंदा शिकवत. रूथ शर्ट शिवायला शिकला.

तिथे ब्रदर मथायस नावाचे एक उंच, धिप्पाड शिक्षक होते. शिस्त त्यांच्याकडे होती आणि खेळही त्यांच्याकडेच. रूथला चेंडू मारायला, झेलायला आणि फेकायला त्यांनी शिकवले. रूथ डावखुरा. शाळेत डावखुऱ्यांसाठी ग्लोव्ह नव्हता. तो कॅचर म्हणून, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाच्या जागी उभा राहायचा. उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी केलेला ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, चेंडू त्यात पकडायचा, ग्लोव्ह झटकून टाकायचा आणि त्याच डाव्या हातात चेंडू घेऊन फेकायचा. दर चेंडूला हे सगळे क्षणार्धात करावे लागे. पुढे त्याच्या हातांच्या चपळाईचे कौतुक झाले, तिची तालीम इथे झाली.

या ऋणाची जाण त्याने ठेवली. १९१९ साली आगीत शाळेची मुख्य इमारत जळाली. दुसऱ्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या यांकीज संघाबरोबर गावोगाव खेळत असताना शाळेचे बँडपथक बरोबर फिरले आणि बांधकामासाठी पैसा गोळा झाला. नावलौकिक मिळाल्यावर त्याने ब्रदर मथायसना कॅडिलॅक मोटार घेऊन दिली. इस्पितळांत, अनाथालयांत मुलांना भेटायला तो शेवटपर्यंत जात राहिला. खाण्यापिण्यात, खर्चात, वागण्यात तो बेबंद होता, हेही सर्वश्रुत आहे. पण मुलांच्या बाबतीत त्याने कधी हात आखडता घेतला नाही. जावयांबरोबर तिथे उभ्या राहाल तेव्हा दगडावरच्या त्या मुलाकडे सेंट मेरीजमधला मुलगा म्हणून पाहा.

प्रश्न : रूथच्या शाळेचा गोंयच्या सायबाशी, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याशी, संबंध होता असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, जुने गोवे)

उत्तर : संबंध आहे, तो नावाचा आणि निष्ठेचा. सेंट मेरीज चालवणारे ब्रदर 'झेवेरियन ब्रदर्स' या संघाचे. थिओडोर जेम्स रायकन यांनी १८३९ साली बेल्जियममधल्या ब्रूज शहरात हा संघ स्थापन केला आणि त्याला संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव दिले. १८५४ साली हे ब्रदर अमेरिकेत पोचले. सेंट मेरीज १८६६ साली सुरू झाली. ज्या संताचे शव बॉं जेझूच्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहे आणि ज्याचे फेस्त आपण ३ डिसेंबरला करतो, त्याच्याच नावाने चाललेल्या संघाने बाल्टिमोरच्या या पोराला वाढवले. रूथ स्वतः गोव्यात कधी आला नव्हता.

प्रश्न : मी क्रिकेट पाहणारा. रूथने ७१४ होम रन मारले म्हणतात. आपल्याकडे षटकार मारणारे काय कमी आहेत? मग त्याचे एवढे मोठेपण कशात? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होम रन म्हणजे चेंडू कुंपणापार धाडणारा फटका, आपल्या षटकारासारखाच. आकडा नंतर बघू, आधी मैदान बघा. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. तो टप्पा न पडता येतो. फेकणारा, म्हणजे पिचर, १८.४४ मीटरवर उभा असतो, आपल्या खेळपट्टीच्या २०.१२ मीटरपेक्षाही जवळ. बॅट गोल, त्यामुळे चेंडू जरा वर किंवा खाली लागला की उंच उडतो नाहीतर जमिनीत जातो. शिवाय मैदान समोरच्या दोन रेषांत बंदिस्त. मागे किंवा बाजूला गेलेल्या चेंडूला धाव नाही. आपल्या कट-ग्लान्सला तिथे जागाच नाही. तीन वेळा चुकलात की बाद. दहांपैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजला जातो. रूथची कारकिर्दीची सरासरी .३४२ होती, म्हणजे हजार संधींमागे ३४२ यशस्वी फटके.

आता काळ बघा. १९२० पूर्वीच्या बेसबॉलमध्ये एकच चेंडू मऊ, काळपट होईपर्यंत वापरत. पिचर त्याला थुंकी, माती, तंबाखूचा रस फासत. असा चेंडू नीट दिसत नसे आणि लांब जात नसे. म्हणून फलंदाज बॅट वर धरून, आखूड पकडीने चेंडू मोकळ्या जागेत ढकलत आणि पळत. रूथने बॅट पार तळाशी, मुठीच्या गाठीपर्यंत धरली आणि सगळे अंग झोकून घुमवली. त्याच्या बॅटा ४० औंसांच्या, म्हणजे साधारण ११३० ग्रॅमच्या पुढे असत. आजचे खेळाडू ३१ ते ३४ औंसांच्या वापरतात. एवढी जड बॅट वेळेवर आणायची तर फटका आधी सुरू करावा लागतो, आणि अंदाज चुकला की हवेत घुमते. तो १३३० वेळा असा चुकून बाद झाला, आणि तोही त्या काळचा विक्रमच होता. हे बाद होणे पत्करल्याशिवाय तसा फटका शक्य नव्हता.

आता आकडे. १९१९ साली त्याने २९ होम रन मारले, तेव्हा लोक थक्क झाले. १९२० साली ५४ मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या, म्हणजे त्याचा संघ ज्या गटात खेळे त्यातल्या, इतर कुठल्याही पूर्ण संघाला तेवढे जमले नाहीत. १९२१ साली ५९, १९२७ साली ६०. ती ६० देखील लीगमधल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी संघाच्या बेरजेहून जास्त होती. त्याच सुमारास नियमही त्याला अनुकूल झाले. १९२० पासून थुंकी लावण्यावर बंदी आली, जुन्या मोजक्या पिचरना तेवढी सूट राहिली. ऑगस्ट १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला. त्यानंतर मळलेला चेंडू लगेच बदलण्याचा आग्रह धरला जाऊ लागला. पांढरा चेंडू दिसू लागला, तो लांबही जाऊ लागला. पण याचा लाभ सगळ्यांनाच होता, आणि ५४ एकट्यानेच मारले.

यावर कडी म्हणजे तो आधी पिचर म्हणून नामांकित होता. बॉस्टन रेड सॉक्सकडून १९१६ साली त्याने २३ आणि १९१७ साली २४ सामने जिंकून दिले. १९१६ आणि १९१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत, मिळून त्याने लागोपाठ २९ पूर्णांक दोन-तृतीयांश डाव (तिथे तीन गडी बाद झाले की डाव संपतो) प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नाही, आणि हा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. एकाच माणसाने गोलंदाजीत आणि फलंदाजीत अशी दोन शिखरे गाठावीत, हे आम्हाला ७१४ पेक्षा मोठे वाटते. ७१४ चा विक्रम हँक आरनने ८ एप्रिल १९७४ रोजी मोडला.

प्रश्न : एका ठिकाणी रूथचा जन्म १८९४, दुसरीकडे १८९५ वाचला. शाळेच्या प्रकल्पात कोणता लिहू? (एक विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : ६ फेब्रुवारी १८९५ लिही. आपण ७ फेब्रुवारी १८९४ ला जन्मलो असे रूथ स्वतः चाळिशीजवळ येईपर्यंत समजत होता. १९३४ साली जपानच्या दौऱ्यासाठी पासपोर्ट काढताना जन्माचा दाखला पाहिला तेव्हा चूक उघड झाली. जुन्या पुस्तकांत आणि कार्डांवर १८९४ राहून गेले ते यामुळे.

कबरीच्या दगडावरचे साल तरी खरे धरावे का, असेही तू विचारले आहेस. पडताळल्याशिवाय नको. रूथचा सहकारी लू गेरिग याचा जन्म १९०३ चा, पण त्याच्या दगडावर १९०५ कोरले आहे. दगड कोरणारा हाती आलेल्या कागदावरचे कोरतो. जन्मसालासाठी जन्मदाखला किंवा चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही, हाच भक्कम पुरावा.

प्रश्न : रूथला नेमका कुठला आजार होता? केमोथेरपी घेतलेल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी तो एक, हे खरे का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : खरे आहे. १९४६ च्या अखेरीस त्याला डाव्या डोळ्याच्या वर असह्य दुखू लागले, गिळता येईना, आवाज घोगरा झाला. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या पोकळीत कर्करोगाची गाठ होती. ती कवटीच्या तळाशी पसरून तिथून निघणाऱ्या नसांवर दाब देत होती. डोळ्याचे दुखणे आणि बसलेला आवाज या दोन वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ एकच होते. घशाचा कर्करोग असे लोक बरीच वर्षे म्हणत, ते तितकेसे बरोबर नाही.

गाठ पूर्ण काढता येण्यासारखी जागा नव्हती. शस्त्रक्रिया झाली, क्ष-किरणांचे उपचार झाले, वजन उतरले. १९४७ च्या उन्हाळ्यात टेरोप्टेरिन या फॉलिक आम्लाशी नाते सांगणाऱ्या नव्या औषधाची इंजेक्शने सुरू झाली. माणसांवर त्याचा अनुभव तेव्हा फारच थोडा होता. काही महिने दुखणे कमी झाले, गिळता येऊ लागले, गाठी लहान झाल्या. मग रोग उलटला. आपण नवे औषध घेऊन पाहत आहोत, त्याचा उपयोग पुढे दुसऱ्यांना होईल, हे रूथला ठाऊक होते. किरणोपचार आणि औषध असे दोन्ही मिळालेल्या सुरुवातीच्या रुग्णांत त्याची गणना होते, आणि या आजारावर आजही याच जोडीने उपचार करतात.

१३ जून १९४८ रोजी यांकी स्टेडियमवर त्याच्या ३ क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त करण्यात आला, म्हणजे तो क्रमांक संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही असे ठरले. सेंट मेरीजमध्ये त्याला सोडले तीही १३ जूनच, ४६ वर्षांपूर्वीची. गणवेश अंगावर लोंबत होता, उभे राहवत नव्हते, म्हणून क्लीव्हलंडच्या बॉब फेलरची बॅट काठीसारखी टेकून तो उभा राहिला. छायाचित्रकार नॅट फाइन पाठीमागे गेले आणि त्यांनी पाठीवरचा ३, हातातली टोपी आणि समोर भरलेले स्टेडियम असे चित्र टिपले. चेहरा दिसत नाही, तरी माणूस ओळखू येतो. या छायाचित्राला १९४९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. रूथ १६ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळात वारला. वय ५३. शव यांकी स्टेडियमच्या दारात दोन दिवस दर्शनासाठी ठेवले होते, हजारो लोक मुलांना घेऊन रांगेत उभे राहिले. १९ तारखेला सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये कार्डिनल स्पेलमन यांनी मीस केले आणि तिथून त्याला हॉथॉर्नला नेले.

प्रश्न : रूथला विकले म्हणून बॉस्टनला शाप लागला, ही काय भानगड? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी डिसेंबर १९१९ मध्ये रूथला यांकीजला १ लाख डॉलरना विकले. शिवाय यांकीजच्या मालकाकडून ३ लाख डॉलरचे कर्ज घेतले आणि तारण म्हणून बॉस्टनचे फेनवे पार्क मैदान ठेवले. १९१८ साली वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या बॉस्टनला पुढची जिंकायला २००४ उजाडले. मधली ८६ वर्षे म्हणजेच तो 'शाप'. विजयानंतर बॉस्टनचे चाहतेही कबरीवर येऊन गेले. शापाचे म्हणाल तर, ज्या संघाने एकामागून एक चांगले खेळाडू विकले आणि गोऱ्यांखेरीज इतरांना घ्यायला सर्वांत उशीर, म्हणजे १९५९ पर्यंत लावला, त्याच्या अपयशाला शापाची गरज नाही.

प्रश्न : न्यू जर्सीहून कबरीपर्यंत कसे जायचे? गाडी नसेल तर जमेल का? काय न्यावे? (फोंडा, म्हापसा आणि ताळगाव येथील वाचक)

उत्तर : जमेल, आणि एका दिवसात आरामात होईल. पण पहिली चूक इथेच होते, ती म्हणजे फोनच्या नकाशात नुसते 'गेट ऑफ हेवन' टाकणे. त्याच नावाची दुसरी कॅथलिक दफनभूमी न्यू जर्सीतल्या ईस्ट हॅनोव्हरला आहे, आणि तुम्ही न्यू जर्सीतून शोधत असल्याने नकाशा तीच आधी दाखवण्याची शक्यता आहे. 'हॉथॉर्न, न्यूयॉर्क' जोडूनच शोधा. हॉथॉर्न नावाचे गावही न्यू जर्सीत आहे, तेव्हा राज्याचे नाव गाळू नका.

न्यू जर्सीची गाडी तुम्हाला मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला सोडेल. पुढची गाडी ग्रँड सेंट्रलवरून सुटते. ही दोन स्थानके वेगळी आहेत, मधे अर्ध्या तासाची चाल किंवा सबवे. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन, हार्लेम आणि न्यू हेवन अशा तीन वाटा निघतात. तुम्हाला हार्लेम लाइन हवी. त्यातही नॉर्थ व्हाइट प्लेन्सला संपणारी गाडी उपयोगाची नाही, ती हॉथॉर्नच्या अलीकडेच थांबते. साऊथईस्टकडे जाणारी आणि हॉथॉर्नला थांबणारी गाडी फलकावर पाहून घ्या, काही जलद गाड्या ते स्थानक सोडून जातात. प्रवास तासाभराचा. तिकीट यंत्रावर किंवा फोनवर आधी काढा, गाडीत काढले तर महाग पडते. सकाळी शहराकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांना गर्दीच्या वेळेचे जादा भाडे असते. म्हणून दहाच्या सुमारास निघून दुपारी परतावे हे बरे.

दफनभूमीला लागूनच माउंट प्लेझंट नावाचे छोटे स्थानक आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. वेळापत्रकात जाण्याची आणि परतीची, दोन्ही गाड्या दिसल्या तरच तिथे उतरा. फलाट आखूड असल्याने कुठल्या डब्यात बसायचे ते कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. नाहीतर हॉथॉर्नला उतरून टॅक्सी करा.

आत गेल्यावर कार्यालयातून नकाशा मागा. रूथ सेक्शन २५ मध्ये आहे. आवार विस्तीर्ण आणि चढउताराचे आहे, नकाशाशिवाय शोधत फिरलात तर पाय दुखतील. दगडापाशी चेंडू, टोप्या आणि नाणी ठेवलेली दिसतात, त्यावरून ओळख पटते. यांकीजचाच खेळाडू आणि पुढे व्यवस्थापक झालेला बिली मार्टिन जवळच आहे.

पायात बंद बूट आणि पूर्ण पँट घाला. त्या भागात उन्हाळ्यात गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा ताप येतो. घरी आल्यावर घोटे आणि गुडघ्यांची मागची बाजू तपासा. ठेवायचे असेल तर फूल किंवा चेंडू ठेवा. काचेची बाटली नको, गवत कापणाऱ्या यंत्राखाली फुटली तर कामगाराला इजा होते. खाण्याचे पदार्थ जनावरे ओढून नेतात. ठेवलेले सामान कर्मचारी ठराविक काळाने उचलतात, तेव्हा मौल्यवान काही ठेवू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत बर्फ साचते आणि दगडाचा तळ झाकला जातो. मे ते ऑक्टोबर हा काळ उत्तम.

वेळ उरला तर परतीच्या वाटेवर व्हॅलहॅला स्थानकावर उतरा. तिथल्या केन्सिको दफनभूमीत लू गेरिग आहे. तो सलग २१३० सामने खेळला आणि १९४१ साली स्नायू निकामी करणाऱ्या ज्या आजाराने गेला, त्याला अमेरिकेत त्याचेच नाव पडले. दोघांत काही वर्षे अबोला होता. ४ जुलै १९३९ रोजी गेरिगच्या निरोपाच्या दिवशी रूथने मैदानात त्याला मिठी मारली. रूथला विकत घेणारे यांकीजचे मालक जेकब रूपर्ट हेही केन्सिकोतच आहेत.

प्रश्न : शेजारचे कुटुंब पोर्तुगालला गेले. त्यांच्या आजोबांच्या कबरीची देखभाल आमच्याकडे आहे. पांढरा संगमरवर, खाली चिऱ्याचा कट्टा. दर पावसाळ्यानंतर काळा-हिरवा थर बसतो, अक्षरे दिसत नाहीत. रूथच्या कबरीवर हजारो हात लागूनही दगड नीट कसा? आमचा कसा साफ करावा? (एक वाचक, केपे)

उत्तर : रूथचा दगड ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइट पाणी फारसे पीत नाही आणि आम्लाला दाद देत नाही. तुमचा संगमरवर म्हणजे मूळची चुनखडीच, आणि चिरा तर सच्छिद्र. त्यामुळे तिकडची रीत इकडे चालणार नाही.

आधी चर्चच्या कार्यालयात सांगून परवानगी घ्या. काम डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर किंवा सावलीत करा. तापलेल्या दगडावर साबण वाळून डाग धरतो. बोट दगडावरून फिरवा. साखरेसारखे कण हाताला लागले तर पृष्ठभाग खिळखिळा झाला आहे, तिथे फक्त पाणी ओता, ब्रश लावू नका.

दगड घट्ट असेल तर १० लिटर साध्या पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचा एक चमचा घाला. आधी एका कोपऱ्यावर हाताएवढ्या जागेत करून पाहा, वाळल्यावर रंग बदलला नाही तर पुढे जा. सगळा दगड स्वच्छ पाण्याने चिंब भिजवा, म्हणजे मळलेले पाणी आत शोषले जाणार नाही. मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भागात मुरतात. दगडफूल चिकटले असेल तर पंधरा-वीस मिनिटे ओले ठेवून बांबूच्या चपट्या कामटीने हलकेच सोडवा. फेस येईनासा होईपर्यंत धुवा. थर एका दिवसात पूर्ण जाणार नाही, आणि जायला पाहिजे असेही नाही.

लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचे ॲसिड अजिबात नको, संगमरवर अक्षरशः विरघळतो आणि वरची तकाकी कायमची जाते. ब्लीचिंग पावडर पहिल्या दिवशी दगड पांढराशुभ्र करते, पण तिचे क्षार छिद्रांत राहतात, स्फटिक होऊन फुगतात आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश आणि दाबाच्या पाण्याचा पंप यांनी अक्षरांतले शिसे निघून येते. जुन्या संगमरवरी दगडांवर अक्षरे कोरून त्यात शिसे भरलेले असते. एक अक्षर निघाले की ओळच वाचता येत नाही. मेणबत्तीचे मेण ओरबाडू नका, बर्फाचा खडा धरून कडक करा आणि लाकडी पट्टीने उडवा. चिऱ्याच्या कट्ट्यावर सिमेंटचा गिलावा देण्याचा सल्ला कुणी दिला तर नाकारा. आतली ओल अडते आणि चिरा मागून भुगा होतो. सांधे उघडले असतील तर एक भाग चुना, तीन भाग वाळू असे भरा.

अक्षरे वाचण्यासाठी खडू घासू नका. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरा, खोलगट भागात सावली पडून मजकूर उठून येतो. त्याचा फोटो काढून शेजाऱ्यांना पाठवा आणि घरच्या वहीतही उतरवून ठेवा.

प्रश्न : आपल्याकडे काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात. रूथची कबर ७५ वर्षांहून अधिक काळ तशीच कशी? (एक वाचक, वास्को)

उत्तर : गोव्यात चर्चच्या आवारातली जागा अपुरी, म्हणून सामायिक कबरी साधारण तीन वर्षांनी उघडून अस्थी वेगळ्या ठेवतात. कायमची जागा घेतलेल्या घराण्यांच्या कबरी तेवढ्या राहतात. मुदत आणि शुल्क प्रत्येक चर्चप्रमाणे बदलते. न्यूयॉर्ककडे शहराबाहेर मोठमोठी आवारे घेऊन दफनभूम्या वसवल्या. गेट ऑफ हेवन १९१७ ची, न्यूयॉर्कच्या आर्चडायोसिसच्या मालकीची. तिथे जागेचा हक्क एकदा विकत घेतला की तो त्या कुटुंबाकडे कायम राहतो, दुसऱ्या कुणाला तिथे पुरत नाहीत. रूथची आई आणि वडील बाल्टिमोरच्या वेगवेगळ्या दफनभूम्यांत आहेत. त्या शहरात जाणे झाले तर एमरी स्ट्रीटवरचे २१६ क्रमांकाचे त्याचे जन्मघर पाहा, तिथे आता संग्रहालय आहे. त्याच्या वडिलांचा एक बार जिथे होता ती जागा आज कॅम्डेन यार्ड्स या बेसबॉल मैदानाच्या आत येते, आणि जन्मघरापासून हे मैदान चालत गाठता येते.